खेळ घडविता घडविता

वर्धा जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची शेते पांढरी होऊ लागतात. पऱ्हाटीवरची बोंडे तडकतात आणि आतला कापूस बाहेर डोकावू लागतो. हिंगणघाट, देवळी, सेलू, आर्वी यांपैकी कोणत्याही रस्त्याने गेले, तरी कापसाने भरलेल्या गाड्या बाजाराकडे जाताना दिसतात. येथील खेड्यांतील मुलांना कापूस कसा वेचतात, हे शाळेत शिकवावे लागत नाही. म्हणून या मुलांनी मोबाइलवर चालणारा एखादा खेळ स्वतः तयार करावयाचे ठरविले, तर तो कापूस वेचण्याचा असावा, हे साहजिकच आहे.

खेळ तयार करावयाचा, हे ऐकून कोणालाही नवल वाटेल. मोबाइलवरचा खेळ हा खेळण्यासाठी असतो; तो तयार करणे हे मोठ्या शहरांतील अभियंत्यांचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घरातील वडील माणसांना तर या खेळांचे नावही नको असते, आणि त्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. तासन्‌तास खेळत बसलेल्या मुलाचा अंगठा तेवढा हलतो. बाकी सारा विचार खेळ तयार करणाऱ्याने आधीच करून ठेवलेला असतो. परंतु तोच मुलगा खेळ घडविण्यास बसला, की तो विचार त्याला स्वतः करावा लागतो. संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात, ही विद्या नव्याने शिकणाऱ्यांना एखादा खेळ तयार करावयास लावून शिकविण्याची पद्धत आज अनेक देशांत रूढ झाली आहे. ती कशी चालते आणि कोठे फसते, हे वर्ध्यात विशेष पाहण्यासारखे आहे. कारण हाताने वस्तू घडवीत घडवीत विद्या शिकावी, हा विचार साऱ्या देशापुढे या गावातूनच मांडला गेला होता.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास एक शिक्षण परिषद भरली होती. महात्मा गांधी तिचे अध्यक्ष होते. निरनिराळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्री आणि शिक्षणतज्ज्ञ तिला आले होते. गांधीजींचे म्हणणे असे, की मुलाचे शिक्षण पुस्तकापासून न होता एखाद्या हस्तोद्योगापासून व्हावे, आणि ते त्याच्या मातृभाषेतून व्हावे. उद्योग हा अभ्यासाच्या जोडीला ठेवलेला एक जादा विषय नव्हे. गणित, इतिहास, भूगोल, विज्ञान हे सारे त्या उद्योगातूनच उगवले पाहिजेत. उदाहरण म्हणून त्यांनी तकली पुढे केली.

तकली ही किती साधी वस्तू! एक बारीक दांडी आणि तिच्या खालच्या अंगाला एक चकती. पेळूचे टोक दांडीला अडकवून तकलीला गिरकी दिली, की सूत निघू लागते. पण हे सूत मोजावयाचे झाले, की गणित आले. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लटींची एक गुंडी. म्हणजे एका गुंडीत सूत किती फूट झाले? ज्याने स्वतः गुंडी भरली आहे, त्याला २,५६० हे उत्तर पाठ करावे लागत नाही. चकती जड झाली तर तकली कशी फिरते, दमट हवेत सूत कसे निघते, हे विचारले की विज्ञान आले. हा कापूस पूर्वी कोठे जात असे आणि लँकेशायरच्या गिरण्यांतून त्याचे कापड होऊन परत का येत असे, हे विचारले की इतिहास आला.

परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. हेच झाकिर हुसेन पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. समितीने सात वर्षांच्या अभ्यासक्रमाची योजना आखली आणि शाळेच्या रोजच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली. मात्र त्याच अहवालात तिने एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवली. शिक्षकाचे लक्ष मुलांकडून जास्तीत जास्त माल काढून घेण्याकडे वळले आणि त्या कामातील शिकण्याचा भाग मागे पडला, तर सारी योजना वाया जाईल, असा तिचा अभिप्राय होता. सूत किती निघाले, यापेक्षा ते काढताना मुलाच्या डोक्यात काय घडले, हे पाहावयाचे होते. कोणताही उद्योग शाळेत घेऊन चालत नाही. ज्यातून पुष्कळ विषयांकडे वाटा फुटतात, तोच घ्यावा, अशीही समितीची अट होती. मोबाइलवरचा खेळ या अटीला उतरतो काय, हा प्रश्न आता विचारावयाचा आहे.

या परिषदेनंतर सुमारे तीस वर्षांनी, आणि तिच्याशी काही संबंध नसताना, अमेरिकेत एका गणितज्ज्ञाच्या मनात असाच विचार आला. त्याचे नाव सीमोर पॅपर्ट. त्याचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. मुले विचार कशी करतात, याचा अभ्यास त्याने जिनीव्हा येथे झाँ प्याजे या थोर मानसशास्त्रज्ञाबरोबर केला होता. बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन गावी एका शाळेत गणिताच्या वर्गाकडे जाताना त्याला वाटेत चित्रकलेचा वर्ग लागे. तेथे मुले साबणाच्या वड्या कोरून मूर्ती करीत असत. हे काम एका तासात संपत नसे. ते अनेक आठवडे चाले. मुले थांबत, विचार करीत, एकमेकांचे काम पाहत, बिघडले तर नवी युक्ती योजीत. गणिताच्या वर्गात मात्र पाच-दहा मिनिटांत उदाहरण सोडवावयाचे, चूक की बरोबर ते पाहावयाचे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळावयाचे. गणितही साबणाच्या मूर्तीसारखे का करता येऊ नये, असा प्रश्न पॅपर्टला पडला.

पॅपर्ट, वॉली फोइर्त्साइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा तयार केली. तिच्यात एक कासव असे. ‘इतकी पावले पुढे जा’, ‘इतके अंश वळ’, अशा आज्ञा मुलांनी द्यावयाच्या आणि कासवाने रेघ ओढीत जावयाचे. चौरस काढावयाचा तर कासवाला चार वेळा वळवावे लागे, आणि प्रत्येक वेळी किती अंश, हे मुलांनाच शोधावे लागे. पुढे बॉस्टनमधील एका शाळेत यास्मिन काफाई या संशोधिकेने चौथीच्या मुलांना याच भाषेत खेळ तयार करावयास सांगितले. खेळ कशासाठी, तर खालच्या वर्गातील मुलांना अपूर्णांक शिकविण्यासाठी. या प्रयोगावरचे तिचे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले. हा प्रयोग चतुराईचा होता. दुसऱ्याला अपूर्णांक शिकविणारा खेळ रचावयाचा, तर रचणाऱ्याला अपूर्णांक नीट समजल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली स्क्रॅच हे साधन जगाला खुले केले. यात आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. प्रत्येक आज्ञा एका रंगीत ठोकळ्यावर लिहिलेली असते आणि ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम, तयार करावयाचा असतो. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत, त्यामुळे लिहिण्याच्या बारीकसारीक चुका टळतात आणि मन विचाराकडे राहते. मोबाइलसाठी असेच ठोकळ्यांचे ॲप इन्व्हेंटर हे साधन २०१० साली आले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे तयार झालेले पॉकेट कोड हे साधन तर मोबाइलवरच चालते. ज्या शाळेत संगणक नाही, तेथेही त्यावर काम करता येते. ही साधने विनामूल्य आहेत.

आता कापसाच्या खेळाकडे वळू. समजा, सहावी-सातवीच्या मुलांनी असे ठरविले, की पडद्याच्या वरच्या बाजूने बोंडे खाली पडावीत आणि खेळणाऱ्याने बोटाने टोपली सरकवून ती झेलावीत. हे सांगावयास एक वाक्य पुरले. पण संगणकाला ते एका वाक्यात सांगता येत नाही. संगणक अत्यंत आज्ञाधारक आहे, परंतु तो मुळीच शहाणा नाही. ‘बोंड पडू दे’ असे म्हटल्याने त्याला काही कळत नाही. कोठून पडावे, कोणीकडे जावे, किती वेगाने जावे, कोठे थांबावे, हे सारे त्याला सांगितले पाहिजे. म्हणून शहाणा शिक्षक पहिल्या दिवशी मोबाइल कोणाच्या हाती देतच नाही. तो चौकटीचा कागद देतो आणि पडद्यावर काय काय घडणार आहे ते मुलांकडून लिहवून घेतो.

कागदावर पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा. बोंड कोठे आहे, हे आकड्यांत कसे सांगावे? स्क्रॅचमध्ये पडदा ४८० घटक रुंद आणि ३६० घटक उंच मानलेला असतो आणि त्याच्या अगदी मधल्या बिंदूला शून्य म्हणतात. उजवीकडे जावे तसे आकडे २४० पर्यंत वाढतात. डावीकडे ते ऋण होत ऋण २४० पर्यंत जातात. वर १८०, खाली ऋण १८०. शाळेत ऋण संख्या शिकविताना मुले ‘शून्याहून लहान म्हणजे काय?’ असे विचारून शिक्षकाला भंडावून सोडतात. येथे तोच प्रश्न आपोआप सुटतो. टोपली खाली आहे, म्हणून तिची उंची ऋण आहे, इतके सोपे!

दुसरा प्रश्न चालीचा. पडद्यावर काहीही हलत नसते. चित्र पुसून थोडे खाली पुन्हा काढले जाते आणि हे इतक्या लवकर होते, की डोळ्याला ते सरकल्यासारखे दिसते. स्क्रॅचमध्ये हे सेकंदाला सुमारे ३० वेळा घडते. ‘दर वेळी ३ घटक खाली जा’ अशी आज्ञा दिली आणि ती पुन्हा पुन्हा पाळावयास सांगितली, म्हणजे बोंड सेकंदाला ९० घटक खाली येते आणि ३६० घटकांचा पडदा ते चार सेकंदांत पार करते. चार सेकंद हा वेळ पहिलीतल्या भावाला योग्य वाटेल. मोठ्या बहिणीला तो कंटाळवाणा वाटेल. मग किती असावा? येथे भागाकार कोणी सांगितल्याशिवाय केला जातो, कारण त्याची गरज पडलेली असते. एकच आज्ञा अशी पुन्हा पुन्हा पाळावयास लावण्याला लूप म्हणतात. विहिरीवरचा मोटेचा बैल जसा त्याच धावेवरून जा-ये करी, तसाच हा प्रकार आहे.

बोंड दर वेळी एकाच जागेवरून पडले, तर खेळात राम राहणार नाही. म्हणून प्रत्येक वेळी संगणकाने ऋण २२० आणि २२० यांच्या दरम्यान कोणतीही एक संख्या निवडावी आणि तेथून बोंड सोडावे, असे सांगावे लागते. फासा टाकताना कोणता आकडा येईल हे जसे ठाऊक नसते, तसेच हे होय. नंतर गुण मोजण्याचा प्रश्न येतो. गुण ठेवण्यासाठी संगणकाच्या स्मृतीत एक जागा राखून ठेवावी लागते. तिला नाव द्यावयाचे, ‘गुण’. आणि तिच्यातील आकडा खेळ चालू असताना बदलत राहतो. अशा जागेला चल म्हणतात. बीजगणितातील चल आणि हा चल यांचे नाते जवळचे आहे. पण येथील चल डोळ्यांदेखत बदलताना दिसतो, हा मोठा लाभ. शेवटी अट: जर बोंड टोपलीला लागले, तर गुण एकाने वाढव.

इतके झाले, की मुले मोठ्या उत्साहाने खेळ सुरू करतात, आणि पहिले बोंड टोपलीत पडताच गुण एकदम दहाने वाढतात! कोणी टाळ्या वाजवितो, कोणी कपाळावर हात मारतो. संगणक बिघडला, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः तो सांगितल्याप्रमाणेच वागलेला असतो. टोपली ३० घटक उंच आहे आणि बोंड दर वेळी ३ घटकच खाली सरकते. म्हणजे टोपलीतून जाताना ते दहा वेळा तिला लागलेले असते, आणि संगणकाने दर वेळी इमानाने एक गुण दिलेला असतो. उपाय सोपा आहे, पण तो सापडण्यास कधी एक अख्खा तास जातो. टोपलीला लागताच गुण वाढवावा आणि लगेच बोंडाला पुन्हा वर पाठवावे. हा तास वाया गेला, असे कोणी समजू नये. आज्ञांचा क्रम किती महत्त्वाचा असतो, हे पाच पाने वाचून जितके कळले नसते, तितके त्या दहा गुणांनी कळते.

आज्ञावलीतील अशा दोषाला इंग्रजीत बग, म्हणजे किडा, म्हणतात. यंत्रातील दोषाला किडा म्हणण्याची रीत जुनी आहे. परंतु १९४७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका मोठ्या संगणकात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. कापूस पिकविणाऱ्यांच्या मुलांना किडा शोधण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

दुसरा एक किडा याहून गमतीचा आहे. खेळ फार कठीण करावा, म्हणून एखादा बहाद्दर वेगाचा आकडा ३ वरून एकदम ६० करून ठेवतो. आता बोंडे टोपलीच्या बरोबर मध्यावर आली, तरी ती झेललीच जात नाहीत; टोपलीला जणू तळच नाही! कागद काढून आकडे मांडले, की गुपित उलगडते. बोंड १८० उंचीवर निघाले. मग १२०, ६०, शून्य, ऋण ६०, ऋण १२०, आणि त्यानंतर एकदम ऋण १८०. टोपली आहे ऋण १३० ते ऋण १६० यांच्या दरम्यान. एका क्षणी बोंड तिच्या वर होते आणि पुढच्या क्षणी तिच्या खाली. मध्ये ते कधी नव्हतेच. खऱ्या शेतात असे होत नाही. खरी वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना मधल्या सर्व जागांतून जाते. संगणकातील वस्तू उड्या मारीत जाते. हा फरक ज्याला स्वतःच्या हातून झालेल्या फजितीतून कळला, तो तो सहसा विसरत नाही.

खेळ चालू लागला, की तो दुसऱ्यांना खेळावयास द्यावा लागतो. मोबाइलचा येथे फार उपयोग होतो. शाळेतील संगणकावर केलेले काम शाळेतच राहते. मोबाइलवरचा खेळ संध्याकाळी घरी जातो. २०२० साली साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून पुष्कळ घरांत मोबाइल मुलांच्या हाती आला. तोच आता परीक्षेचे साधन होतो. दुसरा खेळत असताना करणाऱ्याने काही बोलू नये, नुसते पाहावे, हा नियम कडक पाळावयाचा असतो. तो पाळणे अत्यंत कठीण आहे. ‘अग, तिथे नाही, इकडे बोट ठेव!’ असे शब्द ओठांवर येतातच. परंतु सांगावे लागले, याचा अर्थ खेळात ते स्पष्ट झालेले नाही, असा होतो.

कधी कधी परीक्षक कडक भेटतो. घरातील आजी खेळ पाहून म्हणेल, ‘कापूस आभाळातून पडतो का रे? आणि टोपली घेऊन कोण वेचतं?’ तिचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. वेचणाऱ्या बाया पऱ्हाटीच्या ओळीतून चालत जातात आणि कमरेला बांधलेल्या कापडाच्या ओटीत कापूस टाकतात. त्या सकाळी दव असताना वेचणी करीत नाहीत, कारण ओला कापूस पिवळा पडतो. किडीने खराब झालेल्या कापसाला कवडी म्हणतात आणि तो चांगल्या कापसात मिसळू दिला तर भाव पडतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील पीक फार नासविले होते, हेही तिला आठवत असते. हे सारे ऐकल्यावर खेळ बदलतो. आता बोंडे पडत नाहीत. ती झाडावर उमलतात. वेचणारी ओळीतून पुढे जाते. चांगले बोंड वेचले तर गुण वाढतो, कवडी वेचली तर तीन गुण कमी होतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक सूर्य हळूहळू वर चढतो आणि तो अमुक उंचीवर येईपर्यंत वेचलेल्या कापसाला अर्धाच गुण मिळतो. एका अटीच्या पोटात दुसरी अट घालणे हा आज्ञावलीतील कठीण धडा मानतात. येथे तो दवामुळे आला.

वर्धा समितीने शाळेतील उद्योगाकडून हीच अपेक्षा केली होती. खेळ तयार करता करता मुले गणिताकडे गेली, शेतीकडे गेली, आजीच्या अनुभवाकडे गेली. आणि पडद्यावर ‘खेळ संपला’ यापुढे काय लिहावे, यावर भांडताना मराठीकडेही गेली. या दृष्टीने खेळ हा तकलीच्या पंक्तीला बसण्यास योग्य आहे.

परंतु समितीने दाखविलेला धोकाही येथे जसाच्या तसा आहे. पुष्कळ ठिकाणी शिक्षक एक तयार खेळ दाखवितो आणि ‘हा ठोकळा येथे लावा, आता तो तेथे लावा’ असे सांगत जातो. तासाच्या शेवटी तीस मुलांकडे तीस खेळ तयार होतात. पाहुण्यांना ते दाखविता येतात आणि सर्वांना समाधान वाटते. पण त्यांतील एखाद्या मुलाला ‘बोंड खालून वर जाऊ दे’ इतकाच बदल करावयास सांगितले, तर तो गोंधळतो. माल निघाला, शिक्षण झाले नाही. मुलाला खरोखर किती समजले, हे पाहण्याची सर्वांत चांगली कसोटी हीच आहे, की चालू खेळातील एक गोष्ट बदलावयास सांगावी आणि पाहत राहावे.

दुसरी अडचण अशी, की चार मुलांत एक मोबाइल असला, तर तो ज्याच्या हाती असतो तोच शिकतो. उरलेले तिघे पाहतात. आणि पाहणाऱ्यांत मुलींची संख्या अधिक असते, हे अनेक शिक्षकांच्या ध्यानी आलेले आहे. म्हणून काही शिक्षक अशी रीत घालतात, की मोबाइल धरणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकही ठोकळा हलवावयाचा नाही. दुसऱ्याने सांगावे आणि त्याने तसे करावे. सांगणाऱ्याला मग आपला विचार शब्दांत नीट मांडावा लागतो. दर दहा मिनिटांनी मोबाइल पुढच्या हाती जातो. यामुळे काम सावकाश होते, पण त्याला इलाज नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीच्या पुढच्या मुलांना संगणकाच्या आज्ञावलीची ओळख करून देण्याचा विचार आहे. त्याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडे जाऊन शिकावे, असेही सुचविले आहे. या दोन गोष्टी धोरणात वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या आहेत. सेवाग्रामच्या परिसरातील आनंद निकेतन या शाळेत आजही सूतकताई आणि शेतीकाम हे शिक्षणाचे अंग मानले जाते. ज्या मुलाने तुटलेला धागा पुन्हा जोडून तकली फिरविली आहे, त्याला आज्ञावलीतील चूक शोधताना धीर सुटू न देणे सोपे जात असावे.

तकली आणि मोबाइल यांत एक फरक मात्र आहे. तकलीत झाकलेले असे काहीच नाही. बांबूची काडी आणि खापराचा तुकडा घेऊन ती कोणालाही घरी करता येते. मोबाइल दूरच्या कारखान्यात तयार होतो आणि त्याच्या आत काय चालते ते दिसत नाही. बाजारातील खेळही तसेच बंद पेटीसारखे असतात. स्क्रॅचमध्ये तयार होऊन प्रसिद्ध झालेले खेळ मात्र कोणालाही आतून उघडून पाहता येतात, त्यांतील ठोकळे बदलता येतात आणि मूळ करणाऱ्याचा उल्लेख राखून त्यांचा नवा खेळ करता येतो. हिंगणघाटच्या मुलींनी केलेला कापसाचा पहिला खेळ समजा कारंजा-आष्टीकडच्या एखाद्या मुलाच्या हाती पडला. त्याच्या घरी संत्र्याची बाग आहे. तो बोंडाचे चित्र काढून तेथे संत्रे ठेवील. पण पडणारे संत्रे कापसासारखे एका चालीने तरंगत येत नाही. ते जसजसे खाली येते तसतसा त्याचा वेग वाढतो. तेव्हा त्याला वेगासाठी एक नवा चल ठेवावा लागेल, आणि तो दर वेळी किती वाढवावा, हे पाहण्यासाठी एखादे संत्रे हातात घेऊन झाडाखाली उभे राहावे लागेल.